‘कुठूनही काम करा’ म्हणजे नेमकं कुठून?

प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही एका कंपनीत पगारी नोकरी करता, जोडीदार फ्रीलान्स डिझाइनची कामं घेतो. तुमचे साहेब म्हणाले, “काम वेळेवर होतंय ना, मग कुठूनही कर.” त्यामुळे वर्षभर पोर्तुगाल, जॉर्जिया आणि थायलंड असं तीन-चार महिन्यांच्या मुक्कामाने फिरत काम करायचा विचार आहे. तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. व्हिसाच्या दृष्टीने सगळ्यात सोपा देश कोणता? आणि टुरिस्ट व्हिसावर खोलीत बसून लॅपटॉप उघडला तर कळणार कोणाला?

कर्मचारी दुसऱ्या देशात जाऊन काम करणार असेल, तर त्याचा व्हिसा, पगार, कर आणि विमा यांची सांगड घालणं हे माझं रोजचं काम. स्वतःही बराच काळ असंच देश बदलत काम केलं आहे. त्या अनुभवावरून सांगते, देश कोणता हा प्रश्न तिसऱ्या नंबरवर येतो. पहिला प्रश्न कंपनीच्या परवानगीचा आणि दुसरा घड्याळाचा. हे दोन सुटले की देशांची यादी आपोआप आखूड होते, आणि उरलेल्या दोन-तीन नावांतून निवड करणं फारसं अवघड नसतं.

तुम्ही कुठल्या देशाचे नागरिक आहात, कंपनी कुठे नोंदलेली आहे, मुलं आहेत का, कोणाला कायमची औषधं चालू आहेत का, हे प्रश्नात आलेलं नाही. या चारांपैकी एकही उत्तर बदललं तर सल्ला बदलतो. म्हणून मी अमुक देशात जा असं सांगणार नाही. विचार कोणत्या क्रमाने करायचा ते सांगते.

आधी साहेबांचं वाक्य. साहेबांना फरक पडत नसेल, कंपनीला पडतो. तुम्ही एखाद्या देशात काही महिने बसून काम करता तेव्हा तिथल्या कर खात्याच्या नजरेत कंपनीचंच काम तिथे चालू असतं. तुम्ही विक्रीत असाल, करार ठरवत असाल किंवा वरच्या पदावर असाल, तर कंपनीचं तिथे ‘कायम आस्थापन’ (करापुरती जणू तिथली शाखाच) तयार झालं असा दावा होऊ शकतो आणि नफ्याचा काही भाग त्या देशात करपात्र ठरू शकतो. साध्या प्रोग्रामरच्या बाबतीत ही भीती कमी, पण शून्य नाही. त्याखेरीज सामाजिक सुरक्षेची वर्गणी कुठे भरायची, पगारातून कर कुठे कापायचा, अपघात झाला तर कंपनीचा विमा लागू होतो का, आणि ग्राहकाशी झालेल्या करारात ‘डेटा अमुक देशाबाहेर उघडायचा नाही’ अशी अट आहे का, हे प्रश्न येतात. हे शेवटचं कलम तर बहुतेक मॅनेजरांना माहीतही नसतं. त्यांनी मोठ्या मनाने होकार दिलेला असतो आणि दोन महिन्यांनी ग्राहकाचं ऑडिट येतं.

तोंडी परवानगीचा दुसरा धोका म्हणजे साहेब बदलतात. नव्या साहेबांकडे तुमच्या नावापुढे काहीच लिहिलेलं नसतं. त्यामुळे मेलवर, एचआर आणि वित्त विभागाला सोबत घेऊन, देश आणि तारखांसह होकार मिळवा. बऱ्याच कंपन्यांचं धोरण ‘वर्षातून इतके दिवस, या देशांत’ असं ठरलेलं असतं. ते दिवस वीस किंवा तीस निघाले तर वर्षभराचा बेत तिथेच संपतो. हे घर सोडल्यावर समजण्यापेक्षा आत्ता समजलेलं बरं.

आता ‘कळणार कोणाला’. सीमेवरचा अधिकारी बहुधा विचारत नाही, हे खरं. पण कळण्याच्या वाटा वेगळ्या आहेत. कंपनीच्या सिस्टीममध्ये तुम्ही कुठल्या आयपीवरून, म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यावरून, आलात याची नोंद असते. घरचा राउटर व्हीपीएनसाठी वापरून ठिकाण लपवायच्या युक्त्या इंटरनेटवर भरपूर सापडतील. मी त्यांच्या पूर्ण विरोधात आहे. कामाच्या ठिकाणाबद्दल मालकाशी खोटं बोलणं हे बहुतेक नोकरीच्या करारांत काढून टाकायला पुरेसं कारण असतं. विम्याचा दावा करायची वेळ आली तर कंपनी पहिला प्रश्न विचारते तो ‘तुम्ही तिथे कशासाठी होता’ हाच. बँकांचंही तसंच. ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेच्या सामाईक माहिती-मानकानुसार २०१७ पासून अनेक देश परदेशी करनिवासींच्या (कराच्या दृष्टीने दुसऱ्या देशाचे रहिवासी असलेल्यांच्या) खात्यांची माहिती एकमेकांना आपोआप पाठवतात. खातं उघडताना ‘तुम्ही कुठल्या देशाचे करनिवासी आहात’ असा फॉर्म भरून घेतात तो त्यासाठीच.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. टुरिस्ट व्हिसावर काम म्हणजे सगळीकडे गुन्हाच, असं नाही. ब्रिटनने ३१ जानेवारी २०२४ पासून नियमांत स्पष्ट केलं आहे की पाहुणा म्हणून आलेल्याला आपल्या परदेशातल्या नोकरीचं काम दुरून करता येतं, फक्त येण्याचं मुख्य कारण ते नको. न्यूझीलंडने २७ जानेवारी २०२५ पासून व्हिजिटर व्हिसावर परदेशी मालकासाठी काम करायला मुभा दिली आणि ९० दिवसांपुढे कराचा विचार करा असंही सुचवून ठेवलं. काही देशांत मात्र ‘काम’ या शब्दात सगळंच येतं, मग पगार कुठूनही येवो. म्हणून त्या-त्या देशाच्या इमिग्रेशन खात्याचं पान वाचायचं, कोणा यूट्यूबरचा अनुभव प्रमाण मानायचा नाही. त्याला कोणी अडवलं नाही यावरून ते चालतं असं सिद्ध होत नाही.

तुमच्या यादीत पोर्तुगाल आहे, म्हणजे शेंगेनचा, आपसात सीमा-तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटाचा, हिशोब आलाच. नियम वाचायला सोपा आहे: कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस. गफलत ‘कोणत्याही’ या शब्दात होते. कॅलेंडरच्या सहामाहीशी त्याचा संबंध नाही, आणि दोन दिवस बाहेर जाऊन आलं की मोजणी नव्याने सुरू होते हा समजही चुकीचा. ज्या दिवशी तुम्ही आत असाल त्या दिवसापासून मागे १८० दिवस मोजायचे, येण्याचा आणि जाण्याचा दिवस दोन्ही धरून. समजा १ मार्चला लिस्बनला उतरलात आणि २९ मेला निघालात. ९० दिवस झाले. आता २८ ऑगस्टच्या आधी स्पेनला जाता येणार नाही, इटलीलाही नाही, कारण २९ देशांचा मिळून हिशोब एकच आहे. आयर्लंड आणि सायप्रस त्यात नाहीत, ते वेगळे मोजतात. पूर्वी शिक्के पुसट आले, कोणी नीट पाहिलं नाही असं होत असे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झालेल्या एंट्री-एक्झिट सिस्टीममध्ये बोटांचे ठसे आणि चेहऱ्यासह नोंद होते, आणि दिवसांची बेरीज संगणक करतो.

नोमॅड व्हिसांबद्दल, म्हणजे बाहेरच्या पगारावर दुरून काम करणाऱ्यांसाठीच्या व्हिसांबद्दल, उत्साह मोठा आहे आणि माझं मत थोडं कोरडं. ते चांगले आहेत, पण ज्याला एका जागी वर्षभर राहायचं आहे त्याच्यासाठी. पोर्तुगालच्या डी-८ या नोमॅड व्हिसाला तिथल्या किमान वेतनाच्या चौपट मासिक उत्पन्न दाखवावं लागतं. त्यातल्या निवासी प्रकारात व्हिसा चार महिन्यांचा मिळतो आणि तिथे जाऊन निवास परवान्याची पुढची पायरी चढायची असते. तीन महिन्यांसाठी एवढा खटाटोप कोण करणार? स्पेनच्या व्हिसासाठी उत्पन्न किमान वेतनाच्या दुप्पट लागतं, कंपनी निदान वर्षभर जुनी हवी आणि तुमचं तिच्याबरोबरचं काम किमान तीन महिन्यांचं. माझ्या टेबलावर मात्र स्पेनचे अर्ज अडतात ते सामाजिक सुरक्षेच्या कागदावर. तुमच्या देशाचा स्पेनशी तसा करार असेल आणि कंपनीने वर्गणी घरीच चालू असल्याचं प्रमाणपत्र आणून दिलं तर ठीक, नाहीतर कंपनीला स्पेनमध्ये नोंदणी करावी लागते. एका कर्मचाऱ्यासाठी ते करायला फार थोड्या कंपन्या तयार होतात.

थायलंडचा डीटीव्ही हा दुरून काम करणाऱ्यांनाही मिळणारा व्हिसा तुमच्या बेताला जास्त जुळतो. २०२४ मध्ये आला, मुदत पाच वर्षं, प्रत्येक प्रवेशाला १८० दिवस, आणि खात्यात ५ लाख बाट असल्याचा पुरावा. आता गंमत बघा. त्याच देशात एका कॅलेंडर वर्षात १८० दिवस झाले की तुम्ही करनिवासी होता, आणि १ जानेवारी २०२४ पासून करनिवासींनी परदेशात मिळवून थायलंडमध्ये आणलेलं उत्पन्न तिथे करपात्र धरलं जातं. म्हणजे व्हिसाने दिलेले सगळे दिवस एकाच वर्षात वापरले की कराचा उंबरठा ओलांडलाच. व्हिसा देणारं खातं हे तुम्हाला सांगणार नाही, ते त्याचं काम नाही. उलट बार्बाडोसच्या वर्षभराच्या वेलकम स्टॅम्पवर स्थानिक आयकर नाही, क्रोएशियाच्या नोमॅड परवान्यावर परदेशी पगाराला सूट आहे. जपानने २०२४ मध्ये सहा महिन्यांचा दिला, पण निवडक देशांच्या नागरिकांनाच, वार्षिक १ कोटी येन उत्पन्नावर, आणि त्याबरोबर निवासी कार्ड देत नाहीत. कार्ड नसलं की बँक खातं आणि घराचा नेहमीचा भाडेकरार दोन्ही अवघड. एस्टोनियाच्या ई-रेसिडेन्सीबद्दलही लोक हमखास विचारतात. ती कंपनी चालवायची डिजिटल ओळख आहे, तिच्यावर एस्टोनियात राहता येत नाही. राहायचा नोमॅड व्हिसा त्यांनी २०२० मध्ये वेगळा काढला.

कराकडे येते, कारण सर्वाधिक गैरसमज तिथेच आहेत. ‘१८३ दिवसांच्या आत निघालं की कर नाही’ हे वाक्य दोन देशांमधल्या, दुहेरी कर टाळण्यासाठीच्या करारातल्या एका कलमातून उचललेलं आहे. ओईसीडीच्या नमुना करारात कलम १५ मध्ये पगाराबद्दल तीन अटी एकत्र आहेत: तुम्ही बारा महिन्यांत १८३ दिवसांहून जास्त तिथे नसाल, पगार देणारा मालक त्या देशाचा निवासी नसेल, आणि पगाराचा बोजा त्या देशातल्या आस्थापनावर पडत नसेल. तिन्ही पाळल्या तरच सूट, आणि मुळात दोन देशांत करार असेल तर. करार नसेल तर स्थानिक कायदा लागतो, तो पहिल्या दिवसापासूनही कर मागू शकतो. स्वित्झर्लंडमध्ये काम करत असाल तर ३० दिवसांतच करनिवासी ठरता. ब्रिटनमध्ये नाती, घर, आधीची वर्षं असे धागे पुरेसे असतील तर १६ दिवसही पुरतात. अमेरिका चालू वर्षाचे पूर्ण दिवस, मागच्याचे एक तृतीयांश आणि त्याआधीच्याचे एक षष्ठांश अशी बेरीज करते, त्यामुळे सलग तीन वर्षं दर वर्षी १२२ दिवस राहिलात तरी १८३ भरतात. ‘दिवस’ म्हणजे काय हेही सारखं नाही. ब्रिटन साधारणपणे मध्यरात्री तुम्ही देशात होता का ते पाहतं, शेंगेनला दिवसातले दोन तासही पुरतात.

याहून घातक समज म्हणजे ‘कुठेच १८३ झाले नाहीत, म्हणजे कुठेच कर नाही’. जुना देश तुम्हाला इतक्या सहजी सोडत नाही. ऑस्ट्रेलियाचा मूळ रहिवासी बाहेर कायमचं बस्तान बसवल्याचं दाखवू शकला नाही तर करनिवासीच राहतो. स्वीडन नागरिकाला निघाल्यावर पाच वर्षं ‘माझे ठोस संबंध उरलेले नाहीत’ हे सिद्ध करायला लावतं. अमेरिकन नागरिकाला तर कुठेही राहिलं तरी विवरणपत्र भरावं लागतं. दोन देशांनी एकाच वेळी हक्क सांगितला तर करारात क्रम ठरलेला असतो: कायमचं घर कुठे, मग आर्थिक आणि कौटुंबिक जीवनाचं केंद्र कुठे, मग नेहमीचा वावर कुठे, आणि शेवटी नागरिकत्व. इथे एक बारीक गोष्ट कामाची आहे. मागे ठेवलेलं घर कुलूप लावून ठेवलंत तर ते तुम्हाला ‘उपलब्ध’ धरलं जातं. तिऱ्हाइताला रीतसर भाड्याने दिलंत तर सहसा नाही. घराचं काय करायचं हे ठरवताना हाही विचार असू द्या.

तुमच्यासारख्या, वर्षात तीन-चार देश फिरून परत येणाऱ्या बहुतेकांच्या बाबतीत मी सांगते की जुन्या देशाचे करनिवासी म्हणूनच राहा, तिथेच कर भरा आणि बाहेर कुठेही उंबरठा ओलांडू नका. कर वाचवायच्या नादात सगळीकडून सुटायचा प्रयत्न केला की शेवटी कुठलंच कागदपत्र धड राहत नाही. एका शीटमध्ये देश, आलेली तारीख, गेलेली तारीख आणि त्या काळात काम केलेले दिवस लिहीत जा, बोर्डिंग पासचे फोटो ठेवा. विचारणा दोन वर्षांनी येते तेव्हा आठवणीवर काही भागत नाही.

दुसरा प्रश्न घड्याळाचा, आणि तो भाड्याहून मोठा आहे. टीम न्यूयॉर्कमध्ये असेल आणि कामाची वेळ सकाळी ९ ते ५ असेल, तर हिवाळ्यात लिस्बनमध्ये ती दुपारी २ ते रात्री १० होते. छान आहे, सकाळ मोकळी. तिबिलीसीत संध्याकाळी ६ ते रात्री २. एकट्याला जमतं, जोडप्याला रुसवे-फुगवे सुरू होतात. बँकॉकमध्ये रात्री ९ ते पहाटे ५, म्हणजे सरळसरळ रात्रपाळी. समुद्रकिनारा दिसतो तो झोपाळलेल्या डोळ्यांनी. टीम लंडनला असेल तर चित्र उलटं होतं: लिस्बनची वेळ बारा महिने तीच, आणि बँकॉकमध्ये हिवाळ्यात दुपारी ४ ते मध्यरात्र. त्यातही अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते आणि युरोप शेवटच्या रविवारी. मधल्या दिवसांत न्यूयॉर्क–लिस्बनमधलं पाच तासांचं अंतर चार तासांवर येतं, ऑक्टोबरअखेरही आठवडाभर तसंच. त्या दिवसांत रोजची मीटिंग चुकवणारे लोक दर वर्षी पाहते. जॉर्जिया आणि थायलंड घड्याळ बदलतच नाहीत, तिथे टीमचं घड्याळ हललं की तुमची वेळ हलते.

माझा नियम असा की टीमच्या दिवसातले निदान चार तास तुमच्या जागेपणी, तेही रात्री दहाच्या आत यायला हवेत. हे ज्या देशात जमत नाही तो देश सुट्टीसाठी ठेवा. तुम्ही तीन देश म्हणता, मी दोन म्हणेन. नव्या ठिकाणी पहिले दोन-तीन आठवडे घर, सिम, किराणा, दवाखाना शोधण्यात जातात आणि तेवढे दिवस कामाचा दर्जा खाली येतोच. वर्षात हे कितीदा सोसायचं ते तुम्ही ठरवा. महिन्या-महिन्याला शहर बदलणारे मला सहा महिन्यांत थकलेले दिसतात.

घर घेताना आधी फक्त महिनाभराचं घ्या, पुढचं तिथे पोचल्यावर बघा. घरमालकाकडे ‘वायफाय आहे का’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. कामाच्या टेबलावरून घेतलेला स्पीड टेस्टचा स्क्रीनशॉट मागा आणि त्यात मोठ्या अक्षरातला डाउनलोडचा आकडा सोडून अपलोड आणि पिंग (सिग्नल जाऊन परत यायला लागणारा वेळ) पाहा. राउटरला केबल जोडता येईल का तेही विचारा. शेजारी बांधकाम चालू आहे का हे कोणी आपणहून सांगत नाही.

विम्याचं थोडक्यात: प्रवास विमा आणि आंतरराष्ट्रीय आरोग्य विमा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पहिला तातडीचा उपचार करून तुम्हाला घरी पाठवायच्या बेताने लिहिलेला असतो, वर्षभर राहणाऱ्याला दुसरा लागतो. कायमची औषधं असतील तर देश ठरण्याआधी त्यांची परवानगी तपासा. एडीएचडीची (लक्ष एकाग्र न होण्याच्या विकाराची) अ‍ॅम्फेटामाइन असलेली गोळी जपानमध्ये बंदीखाली येते, डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी. बँकेचं म्हणाल तर दोन वेगळ्या बँकांची कार्डं आणि ओटीपी येणारं जुनं सिम जिवंत ठेवा.

जोडीदाराचा मुद्दा तुम्ही एका ओळीत उरकलात, पण तिथेच गुंता आहे. फ्रीलान्सरला मालकाची परवानगी लागत नाही म्हणून तो मोकळा वाटतो. पण नोमॅड व्हिसासाठी त्याला ग्राहकांचे करार आणि बिलं दाखवून नियमित उत्पन्न सिद्ध करावं लागतं, आणि तुमच्यावर अवलंबून म्हणून आला तर काही देशांत त्याला कामाची मुभा नसते. लग्नाची नोंद नसेल तर काही ठिकाणी अवलंबून म्हणून धरतच नाहीत. त्याने एखाद्या स्थानिक ग्राहकाचं काम घेतलं की सगळं गणित बदलतं, कारण बहुतेक नोमॅड व्हिसा बाहेरून येणाऱ्या पैशावरच उभे आहेत. स्पेनमध्ये स्थानिक कामाला कमाल २० टक्क्यांची सवलत आहे, बाकी ठिकाणी बऱ्याचदा तीही नसते.

तेव्हा आज एवढंच करा. साहेबांना मेल लिहा, एचआरला सीसीत ठेवा: कोणते दोन देश, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, टीमच्या वेळेतले कोणते चार तास नक्की उपलब्ध, करार ठरवायचे अधिकार माझ्याकडे आहेत की नाहीत, आणि ग्राहकांच्या करारात डेटाच्या ठिकाणाची अट आहे का ते कळवावं. तिकीट, घर, व्हिसा यांतलं काही उत्तर येईपर्यंत करू नका. उत्तर आलं की नागरिकत्व आणि कंपनीचा देश लिहून इथेच खाली टाका, मग व्हिसाचं नेमकं बोलता येईल.